घाणी गल्लीची त्रेपन्न घरं

आमच्या गावाची हद्द मला तोंडपाठ आहे. गाव म्हणायची जुनी सवय, नाहीतर आता आम्ही शहरच. नागपुरात सदरहून निघून कळमेश्वरच्या रस्त्याला लागलं की पाऊण तासात आमची नगर परिषद येते. कोणत्या प्रभागाची रेघ कोणाच्या कंपाउंडपाशी वळते, कोणता नाला कोणत्या पुलाखालून जातो, कुठे दोन प्रभागांच्या मध्ये नुसता एक कडुनिंब उभा आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी लतिका गजभिये, वरिष्ठ लिपिक. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चौदा महिने बाकी आणि सेवापुस्तिकेत एकही लाल शेरा नाही. हे मी फुशारकीनेच सांगते. लाल शेरा नसलेली पुस्तिका आमच्या कार्यालयात दुसरी कोणाची असेल तर दाखवा.

निवडणूक आली की आधी प्रभाग आखावे लागतात. नकाशा संगणकावर निघतो, पण वरचे लोक नुसत्या नकाशावर समाधान मानत नाहीत. त्यांना सीमेचं वर्णन शब्दांत लागतं: अमुक चौकापासून तमुक घरापर्यंत, तिथून डावीकडे वळून नाल्यापर्यंत. हे वर्णन गेल्या चार निवडणुकांपासून मी लिहिते, आणि चालून लिहिते. माझ्या आधीचे हेडक्लार्क दादाजी यांनी शिकवलेली पद्धत आहे. प्रभाग डाव्या हाताला ठेवायचा आणि चालायला लागायचं. डाव्या हाताची घरं आत, उजव्या हाताची बाहेर. सीमेवरची प्रत्येक गल्ली त्यामुळे दोनदा चालली जाते, एकदा या प्रभागासाठी जाताना आणि एकदा शेजारच्या प्रभागासाठी उलट येताना. दोन्ही वेळा डाव्या हाताची घरं लिहिली की एकही घर सुटत नाही. दादाजी म्हणायचे, हातावर विश्वास ठेव, डोक्यावर नको. मी ठेवला आणि चार निवडणुका निभावल्या.

आता चंद्रभान भोयर यांच्याबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय आमच्या कार्यालयाची गोष्ट पुरी होत नाही. भोयर भाऊ कळमेश्वरच्या एमआयडीसीत फिटर होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच सोमवारी आमच्या खिडकीवर अर्ज घेऊन आले. त्यानंतर अकरा वर्षं एकही सोमवार चुकला नाही. अर्जाचा विषय एकच: रस्ता. कोणाचा ओटा रस्त्यात आला, कोणाची पायरी पुढे सरकली, कोणी गाडी आडवी लावली. एका मंडळाचा गणपतीचा मंडप त्यांनी चार फूट मागे घ्यायला लावला होता. मंडळाची पोरं महिनाभर त्यांच्याशी बोलली नाहीत, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. अर्ज दिला की खिडकीत हात पसरायचा आणि म्हणायचं, "पोच द्या, मॅडम." मग मी दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून तारीख घालायची. ती पोच ते निळ्या फायलीत ठेवतात. त्यांच्या घरी अशा पाच फायली आहेत, असं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं होतं.

मला त्या माणसाचा राग यायचा का? यायचा. चहाचा कप तोंडाला लावला की नेमके हे खिडकीत. पण खरं सांगते, त्यांचा एकही अर्ज खोटा नव्हता. आम्ही कामं केली नाहीत हा वेगळा भाग.

उन्हाळ्याच्या शेवटाला प्रभागांची पायपीट झाली, आणि पावसाळ्यात प्रारूप रचना जाहीर झाली. नगर परिषदेच्या फलकावर नकाशे लागले. नागरिकांना हरकती द्यायला दहा दिवस. शेवटचा दिवस गुरुवार, दुपारी तीन वाजेपर्यंत. आमच्याकडे संगणकावर काम करणारी रोशनी नावाची मुलगी आहे, कंत्राटी. हुशार, हाताने चटपटीत, आणि जे समजलं नाही ते सरळ विचारणारी. मंगळवारी तिने गंमत म्हणून ठरवलं की भोयर भाऊ हरकत घेऊन येण्याआधी आपणच त्यांचं घर नकाशावर शोधून ठेवावं, म्हणजे त्यांनी काही विचारलं की लगेच उत्तर देता येईल.

"मॅडम, भोयर भाऊ कोणत्या प्रभागात येते?"

"चारमध्ये. घाणी गल्लीची डावी बाजू."

"चारमध्ये नाही दिसून राहिले."

"मंग पाचमध्ये पाय. पण नसन तिथं."

"पाचमध्येही नाही." तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "मॅडम, ते कोठीच नाही आहेत."

मी चष्मा लावला आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने चारची रेघ लाल केली होती आणि पाचची निळी. गावभर दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. फक्त घाणी गल्लीपाशी निळी गल्लीतून गेली होती आणि लाल मागच्या बोळीतून. मधल्या पट्ट्यात भोयर भाऊंचं घर होतं आणि त्यांच्या रांगेतली सगळी घरं. रोशनीने मोजली. त्रेपन्न.

मी माझी वही काढली. प्रभाग चार, पान सहावं, माझंच अक्षर: "तिथून घाणी गल्लीच्या मागील बोळीने डेअरीपर्यंत." आणि ते वाचताना मला बुंदीची आठवण झाली.

मी चारच्या सीमेवर चालत होते त्या दिवशी भोयर भाऊंच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न होतं. घाणी गल्लीत शिरले तर समोर मांडव. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सायकल जाईल एवढीही फट नाही. रस्त्यावरच्या पायरीसाठी अर्ज देणाऱ्या माणसाने अख्खी गल्ली बंद करून ठेवली होती, आणि परवानगी घेतलेली नव्हती. ते मला नक्की ठाऊक होतं, कारण परवानगीचं रजिस्टर माझ्याच कपाटात असतं. भोयर भाऊंनी मला पाहिलं, माझ्या हातातली वही पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. मग दोन्ही हात जोडून म्हणाले, "मॅडम, जेवल्याबिगर नोका जाऊ." त्यांच्या बायकोने, शामलाबाईंनी, मला हाताला धरून बसवलं. पुरी, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, मठ्ठा आणि बुंदी. मी जेवले. दुसऱ्यांदा बुंदी घेतली. भूमिकाचा गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेला शालू सगळ्या बायकांबरोबर मीही चिमटीत धरून पाहिला. मग मांडवातून तर जाता येत नव्हतं, म्हणून मागच्या बोळीने गेले आणि सवयीने वहीत बोळ लिहिली. संध्याकाळी वही साफ करताना बोळ खोडून गल्ली लिहायची असं मनाशी ठरवलं होतं. पोट भरलं की माणूस मनाशी बरंच काही ठरवतो.

पाचच्या सीमेसाठी मी चार दिवसांनी उलट आले, तेव्हा मांडव निघाला होता आणि मी सरळ गल्लीतून चालले. हाताने चूक केली नव्हती. बोळीत ती घरं उजव्या हाताला होती, म्हणून ती बाहेर गेली. डोकं वापरायला हवं होतं, ते बुंदीत होतं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच अक्षराची भीती वाटली.

मी वही घेऊन कार्यालय अधीक्षक बाबाराव यांच्याकडे गेले. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत, आणि अडचण आली की त्यांचा आवाज आपोआप बारीक होतो. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावलं.

"गजभिये मॅडम, जाहीर झालेल्या प्रारूपाले आपल्याले हात नाही लावता येत. एक कानाही नाही हलवता येत. कोणाची हरकत आली, तरच सुनावणीत दुरुस्त होते."

"आणि नाही आली तं?"

"तं हेच कायम होते."

"म्हणजे मतदानाच्या दिवशी त्रेपन्न घरचे लोक या बूथवरून त्या बूथवर फिरतीन, आणि दोन्हीकडून त्यायले वापस पाठवतीन."

"हरकत येईन नं. भोयर आहे नं तिथं. तो सोडते का?" बाबाराव थोडे पुढे झुकले. "फक्त सुनावणीत साहेब कारण विचारतीन. तं आपण टायपिंगची चूक म्हणू. रोशनीनं वर्णन चढवताना गल्लीच्या जागी बोळ टाकली. तिचं कंत्राट तसंही दिवाळीले संपते. तुमची चौदा महिन्याची नोकरी राहिली, काहून डाग लावून घेता?"

इथे मी ताडकन काहीतरी सुनावलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी म्हटलं, "पाहू," आणि बाहेर आले. रोशनी दोन कपांत चहा ओतत होती. एक कप तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, बरं झालं नं आताच सापडलं." मला त्या "पाहू"ची इतकी लाज वाटली की चहा गार होईपर्यंत मी मान वर केली नाही.

तो कप रिकामा करायच्या आत माझं ठरलं होतं.

फक्त हरकत यायला हवी होती, आणि भोयर भाऊंच्या हरकतीचा पत्ता नव्हता. प्रारूप लागल्यानंतरचा सोमवार आदल्याच दिवशी येऊन गेला होता. ते खिडकीवर आले, दिव्याच्या खांबाखाली कोणीतरी रेती टाकल्याचा अर्ज दिला, पोच घेतली आणि फलकाकडे ढुंकूनही न बघता निघून गेले होते. ते त्या दिवशी मला खटकलं नव्हतं, आता खटकलं. बुधवारी सकाळी कार्यालयात जाण्याआधी मी घाणी गल्लीत गेले.

भोयर भाऊ ओट्यावर बसून सायकलच्या चेनला तेल घालत होते. शामलाबाईंनी पाणी आणलं. मी खुर्चीवर बसले आणि सरळ विषयाला हात घातला.

"भोयर भाऊ, प्रभागाचा नकाशा पायला का?"

"नाही पायला."

"काहून? अकरा वर्षांत तुमी आमचा एक कागद सोडला नाही."

"तो तुमी बनवला नं?" त्यांनी चेन फिरवून पाहिली. "चालून बनवला. मी पायलं तुमाले चालताना. एवढ्या उन्हात कोण चालते? तुमी बनवला, म्हणजे बराबरच असन."

शिवी दिली असती तर सोसलं असतं. अकरा वर्षं हा माणूस आमच्यावर अविश्वास ठेवत आला आणि आम्ही त्याची थट्टा केली. एकदाच त्याने विश्वास ठेवला, तो नेमका माझ्यावर, आणि नेमका त्याच कागदावर. मी वही उघडली आणि त्यांना पान सहावं दाखवलं. गल्ली कोणती, बोळ कोणती, रेघ कुठून गेली, सगळं सांगितलं. मांडवापाशी आले तेव्हा त्यांचे हात थांबले.

"म्हणजे आमी आता कोण्याच प्रभागात नाही?"

"तुमी हरकत दिली तं होसान. उद्या तीनच्या आत पायजे. कारण लिहा लागते."

"कारण म्हणजे मांडव."

"मांडव."

ते पुन्हा चेन पुसायला लागले. मला त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत होतं. आत, कपाटावर, त्या पाच निळ्या फायली दिसत होत्या. त्यातल्या एकेका अर्जात लिहिलेलं होतं की सार्वजनिक रस्ता अडवणं हा गुन्हा आहे. आता सहाव्या फायलीत पहिला कागद स्वतःविरुद्ध लावायचा होता. सुनावणी म्हणजे सगळ्यांसमोर. गणपती मंडळाची पोरं तिथे मुद्दाम हजर राहिली असती.

"मॅडम, आपण असं लिहू का," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "का टायपिंगची चूक झाली."

"तसं आमचे साहेबही म्हणत होते. त्यात आमच्या रोशनीचं काम जाईन."

"कोण, ते चष्मेवाली पोरगी? पोच देताना कागद सरळ करून देते ते?"

"तेच."

त्यांनी चेनवरचा कपडा बाजूला ठेवला. "मले जरा विचार करू द्या," म्हणाले. मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा मागून शामलाबाईंचा आवाज आला. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, पण मला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने.

"पोरीच्या लग्नाचा मांडव होता, चोरीचा नव्हता. लिहाले लाज कायची?"

गुरुवारी सकाळी कार्यालयात जाऊन मी आधी एक कागद लिहिला. त्यात माझी चूक जशी घडली तशी होती: मांडव, जेवण, बोळ, आणि संध्याकाळी न खोडलेली ओळ. खाली सही केली आणि कागद खणात ठेवला. हरकत आली तर सुनावणीत द्यायचा, आणि नाही आली तरी द्यायचा. मग भले त्याचा कोणी उपयोग करो न करो. ते लिहून झाल्यावर मला भूक लागली. मी डबा उघडून नीट जेवले.

दोन वाजले. अडीच वाजले. बाबाराव दोनदा येऊन खिडकीतून रस्त्याकडे पाहून गेले. रोशनीला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिलाही काहीतरी समजलं असावं, कारण ती आवक शिक्क्याची शाई पुन्हापुन्हा तपासत होती. गल्लीतल्या दुसऱ्या कोणाला सांगावं असं मनात आलं होतं. बुधवारी संध्याकाळी मी तिघांकडे जाऊनही आले होते. तिघांचंही उत्तर एकच: अशा कामाले भोयर भाऊ आहेत नं.

तीनला दहा मिनिटं कमी असताना भोयर भाऊ आले. लग्नात घातलेला कडक इस्त्रीचा सदरा होता आणि बगलेत नवी निळी फाईल. त्यांनी खिडकीतून अर्ज आत सरकवला आणि मी वाचायला घेतला.

"मी, चंद्रभान भोयर, राहणार घाणी गल्ली. माझ्या मुलीच्या लग्नात मी नगर परिषदेची परवानगी न घेता सार्वजनिक रस्त्यावर मांडव टाकला व रस्ता तीन दिवस बंद केला. त्यामुळे सीमा पाहणाऱ्या कर्मचाऱ्यास बोळीने जावे लागले व आमच्या बाजूची त्रेपन्न घरे प्रभागाबाहेर राहिली. ती प्रभाग चारमध्ये घेण्यात यावी. यात कर्मचाऱ्याचा काही दोष नाही. चूक सर्वस्वी माझी आहे."

"शेवटच्या दोन ओळी खोडा," मी म्हटलं.

"काहून?"

"खोट्या आहेत. मांडवानं रस्ता अडवला, वही नाही अडवली. वहीत बोळ मी लिहिली."

"पण मांडव नसता तं लिहिली असती का?"

"बुंदी दुसऱ्यांदा नसती घेतली तं खोडली असती."

"मॅडम, हरकत माही आहे. तुमाले त्याच्यावर शिक्का माराचा आहे." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "आठ मिनिटं राहिली. पोच द्या."

कायद्याने त्यांचंच बरोबर होतं. आवक घेणाऱ्याने अर्जातला मजकूर बदलायचा नसतो. मी शिक्का मारला, तारीख घातली, वेळ घातली. रोशनीने दुसरी प्रत सरळ केली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी तिच्याकडे थोडं जास्तच वेळ पाहिलं आणि विचारलं, "नाव काय वं पोरी तुहं?" तिने सांगितलं. ते मान हलवून निघून गेले.

सुनावणी आठवड्याने नागपुरात झाली. मोठं दालन, लांब टेबल, आणि समोर पुण्याकडच्या एक उपजिल्हाधिकारी मॅडम. गणपती मंडळाची तीन पोरं खरंच आली होती. शेवटच्या रांगेत एकमेकांना कोपराने ढोसत बसली होती. भोयर भाऊंचा नंबर अकरावा. त्यांना स्वतःचा अर्ज वाचून दाखवायला सांगितला. "परवानगी न घेता" या शब्दांवर मागे हसू फुटलं. भोयर भाऊ थांबले, हसू संपेपर्यंत उभे राहिले आणि तीच ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली, अगोदरपेक्षा मोठ्याने. मग कोणी हसलं नाही.

"म्हणजे कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही, असं तुमचं म्हणणं आहे," उपजिल्हाधिकारी मॅडम म्हणाल्या.

"काही दोष नाही, मॅडम."

मी उठले. शेजारी बसलेल्या बाबारावांनी माझ्या साडीचा पदर धरला होता, तो सोडवून घेतला.

"दोष आहे, मॅडम," मी म्हटलं. "सीमा मी पाहिली. मांडव विनापरवानगी आहे हे मला दिसलं आणि मी त्याची नोंद केली नाही. त्यांच्याकडे जेवले, बोळीने गेले, आणि जी ओळ खोडायची ती खोडली नाही. संगणकावर जे चढलं ते माझ्या वहीप्रमाणे अगदी बरोबर चढलं. माझं लेखी निवेदन हे आहे."

त्यांनी कागद वाचला, मग वही मागून घेऊन पान सहावं वाचलं. मी एकतीस वर्षं लोकांना खरं लिहून आणा म्हणून सांगत आले, आज स्वतः आणलं होतं. एवढं सरळ काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

"जेवणाच्या सोयीनं प्रभागाची सीमा वळलेली मी पहिल्यांदा पाहते आहे," त्या म्हणाल्या. तोंड गंभीर होतं. "हरकत मान्य. सात दिवसांत फेरपाहणी करून सुधारित वर्णन सादर करा. विनापरवानगी मांडवाबद्दल अर्जदाराला नोटीस द्या. आणि कर्मचाऱ्याला सक्त ताकीद, सेवापुस्तिकेत नोंद घेऊन."

दुसऱ्या दिवशी बाबारावांनी माझी पुस्तिका पुढे ओढली. त्यांचा लाल पेन चालेना. दोनदा कागदावर गिरवून पाहिला, झटकला, पुन्हा गिरवला. त्यांचा हात त्या पानावर जायला तयार नव्हता हे मला दिसत होतं. मी माझा पेन काढून दिला. त्यांनी शेरा लिहिला, चार ओळी, सुंदर अक्षरात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन मी थोडी रडलेही. पण रोशनी शेजारच्या टेबलावर टकटक करत बसलेली होती, आणि कंत्राट वाढल्यामुळे दिवाळीनंतरही बसणार होती.

फेरपाहणीला मी शनिवारी सकाळी निघाले. घाणी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि दोन मिनिटं नुसती पाहत राहिले. अख्खी गल्ली रिकामी होती. एक गाडी नाही, एक बाज नाही, एक कुंडी नाही. डाव्या हाताच्या रांगेत प्रत्येक दारात माणसं उभी होती. भोयर भाऊंनी आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन सांगितलं होतं, ते मला मागाहून कळलं.

मी चालायला लागले. एकेका घरापाशी थांबून नंबर वहीत लिहीत होते. भोयर भाऊंच्या दारातून तळणीचा वास येत होता. शामलाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "मॅडम, पहिले दोन घास खाऊन घ्या."

"आधी गल्ली संपू द्या," मी म्हटलं.

भोयर भाऊंनी बायकोला हातानेच मागे सारलं. मी पुढे गेले, डेअरीपर्यंत, शेवटच्या घरापर्यंत. त्रेपन्न. तिथेच उभं राहून वर्णन लिहिलं: "तिथून घाणी गल्लीने डेअरीपर्यंत, डाव्या बाजूची सर्व घरे समाविष्ट." पहिल्या नंबरापासूनच दुसऱ्या प्रतीसाठी खाली कार्बन घातला होता. मग परत फिरले आणि भोयर भाऊंच्या ओट्यावर येऊन दुसरी प्रत त्यांच्यापुढे धरली.

"पोच द्या, भोयर भाऊ."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांनी घाईने खिशातला पेन काढला आणि सही करायला कागद गुडघ्यावर घेतला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तसं नाही. पहिले वाचा. मी बनवलं म्हणून सोडून नोका देऊ."

शामलाबाईंनी आतून चष्मा आणून दिला. ते वाचायला लागले, ओळीखाली बोट ठेवून, घरांचे नंबर आपल्या रांगेतल्या दारांशी ताडून पाहत. त्यांना वीस मिनिटं लागली. ताट वाढून तयार होतं, भजी गार होत होती, शेजारची माणसं उभ्याने वाट पाहत होती, आणि मी त्यांच्याशेजारी बसून होते. शेवटच्या नंबरावर बोट आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, आणि कागदाच्या तळाशी सही करायच्या आधी दोन शब्द लिहिले. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी आमच्या कार्यालयाच्या कोणत्याही कागदावर असं काही लिहिलेलं नव्हतं.

"बराबर आहे."

मी ती प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली, हात धुतले आणि जेवायला बसले.